टोल्किनची कल्पित पोथी

टोल्किनच्या सृष्टीचीं मुळें शोधणारे बहुधा नांवांपाशींच थांबतात. ‘द हॉबिट’मधील (१९३७) बुटक्यांचीं नांवें ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यांतील आहेत, हें खरें. पण तो शोध सोपा आहे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती ग्रंथकाराची संशोधकी दृष्टि. १९२५ सालीं गॉर्डनसह ‘सर गवेन’ची संहिता सिद्ध करणाऱ्या या पंडितानें आपली कथा ‘रेड बुक’ नामक बाडाचें भाषांतर म्हणून मांडली. अस्सल नष्ट झालें, दुरुस्त्या केलेल्या नकला उरल्या, असा तिचा इतिहासही दिला.

१९५१ च्या आवृत्तींत त्यानें अंगठीचा प्रसंग बदलला. दुसरा ग्रंथकार जुना पाठ गुपचूप गाळता. यानें तो बिल्बोची लबाडी ठरविला, आणि म्हाताऱ्याच्या हातचा मजकूर खोडण्यास फ्रोडो व सॅम राजी नव्हते म्हणून कांहीं नकलांत तो टिकला, असें सांगितलें! पाठभेदाचें मूळ लेखनिकाच्या प्रमादांत नसून कर्त्याच्या स्वार्थांत असावें, हें बखरी चाळणारास अपरिचित नाहीं.

मझारबुलच्या ग्रंथाचीं जळकीं, फाटकीं पानें तर त्यानें स्वहस्तें घडविलीं. ‘बेवुल्फ’ची एकमेव पोथी १७३१ च्या आगींत होरपळली, तिच्या अभ्यासकासच हें सुचावें. १९५४ सालीं मात्र खर्चास्तव तीं पानें छापलीं गेलीं नाहींत.