अंतराची पकड : ‘धालसीम’ या पात्राच्या युद्धपद्धतीचा विचार

पेठ वडगाव येथील एका घरी काही तरुण ‘स्ट्रीट फायटर’ हा द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ गेम खेळत असता तो काही काळ पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. एका बाजूस झँगीफ हा रशियन मल्ल आणि दुसऱ्या बाजूस धालसीम हा भारतीय योगी अशी जोड लागली होती. मल्ल पुढे येऊ पाहत होता. योगी दुरूनच हात लांबवून त्याला थोपवीत होता आणि मधूनमधून मुखातून अग्निगोल सोडीत होता. ज्यांचे तारुण्य तालमीत गेले असे एक वृद्ध गृहस्थ हे पाहत बसले होते. मल्ल लढतो आहे आणि योगी पळतो आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. ही दोन पिढ्यांतील रुचीची तफावत आहे असे म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु खेळणाऱ्या तरुणांचे मतही याहून निराळे नव्हते. धालसीम घेणारा खेळाडू चतुर असेल, पण तो अंगावर येत नाही, अशी कुरबूर त्यांच्यातही चालली होती. हे मत वडगावापुरतेच आहे असेही नाही. हा खेळ जेथे जेथे खेळला जातो तेथे दुरून लढणाऱ्या पात्राविषयी अशीच तक्रार ऐकू येते. ती कितपत साधार आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

विषय विद्यापीठीय पत्रिकेस अपरिचित असल्याने थोडा पूर्ववृत्तान्त देणे अवश्य आहे. कॅपकॉम या जपानी संस्थेने १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ सार्वजनिक खेळघरांतील यंत्रांसाठी काढला. अकिरा निशितानी व अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. खेळाडूने निवडावयाची आठ पात्रे त्यात होती, व त्यांपैकी एक धालसीम. पुढे या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सहावा ‘स्ट्रीट फायटर’ २०२३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या मालिकेतील पाचव्या खेळासाठी पदके ठेवलेली होती, आणि सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू या ४४ वर्षांच्या खेळाडूने मिळविले. हा केवळ पोरखेळ आहे, चपळ बोटांपलीकडे त्यात काही नाही, या समजुतीस एवढे उदाहरण पुरे व्हावे.

धालसीमविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यातील बराच भाग त्याच्या रूपासंबंधी आहे. गळ्यात कवट्यांची माळ, मुखातून अग्नी, रबरासारखे ताणले जाणारे अवयव, पाठीमागे हत्ती उभे असलेला राजवाडा. परदेशी कल्पनेतील भारताची ही ठरीव सामग्री आहे. १९७६ च्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या कुंग-फू चित्रपटातही हात लांबविणारा एक भारतीय योगी आहे, त्याच्याशी धालसीमचे साम्य उघड दिसते. त्याच्या मुलाचे नाव मात्र ‘दत्ता’ असे ठेवले आहे. नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीतील वाचकास ते वाचून क्षणभर घरचे कोणी भेटल्यासारखे वाटावे! पण रूपाची ही चर्चा कितीही रास्त असली तरी ती पात्राच्या उंबरठ्यापाशीच थांबते. कादंबरीतील पात्र जसे त्याच्या वर्णनात नसून त्याच्या कृतीत असते, तसे या खेळातील पात्र त्याच्या चित्रात नसून त्याच्या हालचालींच्या नियमांत असते. धालसीम कोण आहे, हे त्याच्या माळेवरून कळणार नाही. तो काय करू शकतो आणि त्याला काय करता येत नाही, यावरून ते कळेल.

आता त्याला जे करता येत नाही, तेच प्रथम पाहू. धालसीमची चाल मंद आहे. त्याची उडी उंच परंतु संथ असल्यामुळे हवेत असता तो बराच वेळ शत्रूच्या स्वाधीन असतो. रणभूमीस दोन्ही बाजूंस मर्यादा आहे, तिच्यापलीकडे मागे सरकण्यास जागा नाही. आता पळण्यासाठी ज्या दोन गोष्टी लागतात, म्हणजे वेग आणि मोकळे रान, त्यांपैकी एकही या पात्रापाशी नाही. म्हणून ‘धालसीम पळतो’ हे विधान वर्णन म्हणूनच चुकीचे ठरते. तो पळू शकत नाही म्हणूनच त्याला दुरून लढावे लागते. वेगवान पात्र चुकून जवळ सापडले तर निसटेल. धालसीम सापडला की सापडला. त्यामुळे त्याची सारी युद्धविद्या माघारीची नसून उभे असलेले ठाणे न सोडण्याची आहे.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म असून तो चांगल्या खेळाडूंतही आढळतो. लांब हात म्हणजे सुरक्षित हात, असे नवशिक्यास वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. या खेळात एका सेकंदाचे साठ भाग मानलेले असून आघाताचा आरंभ, त्याचा प्रभावी काळ आणि अवयव मागे घेण्याचा काळ हे सर्व त्या भागांत मोजले जातात. धालसीमचा लांबविलेला हात हे त्याचे शस्त्र असते, पण त्याच वेळी तो त्याच्या शरीराचा भागही राहतो. त्या हातावर पडलेला घाव हा धालसीमवरच पडलेला घाव होय. म्हणजे जितके दूर मारावे तितके आपले अंग शत्रूच्या पुढ्यात अधिक पसरते आणि ते आवरून घेण्यास वेळही लागतो. तलवार हातातून सुटली तरी हात राहतो. येथे हातच तलवार आहे. प्रत्येक दूरच्या प्रहारात असा पण लावलेला असतो. तो कुशल प्रतिपक्षी ओळखतो, व एकाच उंचीवर, एकाच तालात आलेल्या तिसऱ्या हाताला तो मध्येच छेदतो.

यातून प्रगत डावपेचाचे पहिले तत्त्व निघते. धालसीमने अंतर राखावयाचे नसून ते अनिश्चित ठेवावयाचे असते. त्याच्या हातापायांची लांबी एकच नाही. दांडी मागे ओढून बटण दाबले असता तोच प्रहार आखूड होतो. बसून मारलेल्या लाथा जमिनीलगत घसरत पुढे जातात, आणि जुन्या आवृत्त्यांत त्या शत्रूच्या अग्निगोलाखालूनही निसटतात. हवेतून तो गिरमिटासारखा तिरका खाली येतो व आपली संथ उडी अकस्मात तोडतो. या सर्वांचा उपयोग हानी करण्यापेक्षा मोजमाप बिघडविण्यासाठी अधिक असतो. आपण कोठे उभे राहिलो असता निर्भय आहो, हे प्रतिपक्षाला कधीच ठरविता येऊ नये, हाच त्यातील हेतू. कुस्तीच्या आरंभीच्या खडाखडीत दोन मल्ल हातांनी हात चाचपतात, मानेवर हात टाकून पाहतात, ते हेच मोजमाप होय. धालसीमच्या बाबतीत ही खडाखडी कुस्तीच्या अखेरपर्यंत चालते, इतकाच फरक आहे. ‘अंगावर येत नाही’ या तक्रारीचे मूळही येथेच असावे. ज्याला आपण प्रस्तावना समजतो तेच येथे प्रकरण आहे.

झँगीफशी होणारी लढत या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. झँगीफची प्रसिद्ध पकड साधण्यासाठी दांडी पूर्ण वर्तुळात फिरवावी लागते. तिचा पल्लाही जुन्या खेळांत त्याच्या दिसणाऱ्या हातांहून मोठा आहे. चित्रात जेथे हात संपतो तेथे पकड संपत नाही. धालसीम घेणाऱ्यास चित्रावर विश्वास ठेवून चालत नाही. त्याला शत्रूचा अदृश्य पल्ला पाठ असावा लागतो. नवशिका येथे एकामागून एक अग्निगोल सोडतो. झँगीफ काही गोल अडवितो, काहींवरून उडी मारतो, व गोल सोडण्याच्या क्षणी धालसीम अगतिक असतो हे जाणून नेमक्या त्याच वेळी पुढे सरकतो. जाणता खेळाडू अग्निगोल कमी सोडतो. मंद गोल सोडून तो त्याच्यामागून स्वतः पुढे जातो, कारण त्या गोलाला उत्तर देण्यात शत्रू गुंतलेला असेतो जमिनीचे दोन हात जिंकता येतात. म्हणजे आग ही मारण्यासाठी नसून पुढे जाण्याची वाट मोकळी करण्यासाठी असते. या पात्राचा आत्मा कोठे असेल तर तो येथे आहे, असे आम्हांस वाटते.

१९९२ च्या ‘हायपर फायटिंग’ या आवृत्तीपासून धालसीमला अंतर्धान पावून अन्यत्र प्रकट होण्याची शक्ती मिळाली. तिच्यामुळे ‘पळपुटा’ हा शिक्का अधिकच घट्ट झाला, परंतु उत्तम खेळाडू तिचा उपयोग निसटण्यासाठी क्वचितच करतात. मंद अग्निगोल पुढे सोडून धालसीम शत्रूच्या पाठीमागे प्रकट होतो. आता समोरून आग आणि मागून योगी. या खेळात बचाव प्रतिपक्षाच्या विरुद्ध दिशेस दांडी धरून करावयाचा असल्याने कोणती दिशा ‘मागची’ हा प्रश्न काही क्षणांत सोडवावा लागतो. पुढील आवृत्त्यांत हे अंतर्धान हवेतही शक्य झाले. पाय जमिनीवरून सुटताच अदृश्य होऊन शत्रूच्या डोक्यावर प्रकट व्हावयाचे आणि उतरता उतरता प्रहार करावयाचा, ही युक्ती बोटांना अवघड असली तरी तिच्यावाचून वरच्या पायरीचा धालसीम संभवत नाही. अमेरिकेतील आर्तुरो सांचेझ किंवा जपानमधील ‘मोची’ या नावाने खेळणारा खेळाडू यांचे सामने पाहिले म्हणजे दूरचा योगी किती वेळा जवळचा होतो, हे मोजून पाहता येईल. जुन्या आवृत्त्यांत तर घसरत्या लाथेने जवळ जाऊन शत्रूस धरावयाचे व त्याच्या मस्तकावर ठोसे मारावयाचे, असा धालसीमचा एक ठरलेला डावच होता. ज्याला आपण मल्लाचा प्रतिपक्ष समजतो, त्याच्या युद्धाचा शेवटही पकडीतच होतो.

येथे पेठ वडगावचेच एक स्मरण अप्रस्तुत होणार नाही. १७०८ मध्ये निवर्तलेले सेनापती धनाजी जाधव यांची समाधी याच गावी आहे. संताजी घोरपडे व धनाजी यांच्या युद्धपद्धतीलाही मोगलांच्या बाजूने पळपुटेपणाचाच दोष दिला जाई. पण १६९५ मध्ये कर्नाटकातील दोड्डेरी येथे संताजींनी कासीमखानाच्या सैन्याची रसद तोडली, त्याला गढीत कोंडले व अन्नावाचून शरण आणले, तेव्हा दूर राहणे आणि गळा धरणे यांत विरोध नसतो, हे दिसून आले. उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. मराठ्यांचे बळ घोड्याच्या वेगात होते आणि धालसीमपाशी वेग नाही, हा भेद मोठा आहे. तरीही ज्या गावाने ही समाधी जतन केली, तेथेच अंतराच्या युद्धाला भ्याडपणा म्हटले जावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या भागाची क्रीडारुची हौद्यातील मातीत घडली, खासबाग मैदानाने ती मोठी केली, आणि चीतपट होणारी निकाली कुस्ती हा तिचा आदर्श राहिला. त्या रुचीचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की तिने दुसरी एक परंपरा इतिहासाच्या पुस्तकात ठेवून दिली, मैदानात येऊ दिली नाही.

एक आक्षेप मात्र मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. दुरून चाललेले युद्ध पाहणाऱ्यास नीरस वाटू शकते, आणि रचनाकारांनाही ते वाटते असे दिसते. सहाव्या खेळात प्रत्येक पात्राला अंतर झटक्यात कापणारी धाव दिली आहे, तसेच दोन प्रहार सोसून पुढे येणारा एक जबर आघातही दिला आहे. भिंतीलगत हा आघात अडविला तरी अडविणारा भिंतीवर आदळतो. ज्याची चाल मंद त्याच्यासाठी भिंत पूर्वीही वाईट होती. आता ती अधिकच वाईट झाली आहे. त्याच्या बदल्यात धालसीमला हवेत तरंगणे, आणि वर जाऊन कमानीने खाली येणारा अग्निगोल, ही साधने मिळाली. ही देवघेव समतोल आहे की नाही याविषयी मतभेद होतील. आमच्या मते तिने पात्राचा स्वभाव बदलला नाही, उलट तो उघडा केला. केवळ मागे राहून खेळणाऱ्या धालसीमला पूर्वी काही काळ निभावून नेता येत असे. आता येत नाही. कमानीचा गोल हवेत असेतो पुढे सरकणारा, शत्रूने वर पाहिले की खालून घसरणारा आणि खाली पाहिले की मागून प्रकट होणारा, तोच धालसीम आता टिकतो.

वडगावच्या त्या घरातील लढतीचा निकाल सांगावयाचा राहिला. योगी हरला. मल्लाच्या पकडीचा पल्ला तरुणास ठाऊक होता, त्याच्या हातांतही कसब होते. पहिल्याच मिनिटात त्याने झँगीफला दोनदा लोळविले. परंतु तो खाली पडला की दोन पावले पुढे जाऊन त्याच्या उठण्यावर पहारा बसविण्याऐवजी हा दर वेळी दोन पावले मागे गेला, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या पाठीला भिंत लागली.