गाऱ्हाणें कोणापुढें घालावयाचें?

आजच्या महाराष्ट्रांत टीकेचा व्यवसाय सर्वांत अधिक उत्साहानें कोण करितो, असा प्रश्न कोणीं केल्यास आम्ही कवितेच्या किंवा नाटकाच्या परीक्षकांचें नांव घेणार नाहीं; क्रिकेटच्या प्रेक्षकांचें घेऊं. पुस्तकावर मत द्यावयाचें म्हटलें कीं भलेभले संकोचतात. आपल्या गांवचा संघ हरूं लागला म्हणजे मात्र विश्रांतवाडीच्या चौकांतील चहावाल्यापासून महाविद्यालयांतील अध्यापकांपर्यंत प्रत्येकजण संघाची निवड, कर्णधाराचे डावपेंच आणि मालकाची नियत या त्रिविध विषयांवर अधिकारवाणीनें बोलूं लागतो. हें बोलणें वैतागाचें असतें, आणि वैतागाचें म्हणून विद्वज्जन त्याची उपेक्षा करितात. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे. प्रेक्षकाचें गाऱ्हाणें हाहि टीकेचाच एक प्रकार होय. तेव्हां इतर टीकेस जी कसोटी लावावयाची तीच त्यासहि लाविली पाहिजे. तें सप्रमाण आहे काय? तें योग्य ठिकाणीं लागतें काय? आणि ज्याच्यापुढें तें घालावयाचें तो ऐकून घेण्यास बांधलेला आहे काय?

या परीक्षेस पुण्याइतकें सोईचें उदाहरण क्वचितच सांपडेल. २०१० च्या मार्च महिन्यांत सहारा उद्योगसमूहानें ३७ कोटि डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें १,७०० कोटि रुपये, इतकी बोली लावून इंडियन प्रीमियर लीगमधील पुण्याचा संघ घेतला आणि त्याचें नांव ‘पुणे वॉरियर्स इंडिया’ असें ठेविलें. २०११ सालीं युवराजसिंग याच्या नेतृत्वाखालीं हा संघ दहांत नववा आला. २०१२ सालीं सौरव गांगुली कर्णधार असतां नवांत नववा. आणि २०१३ सालीं नवांत आठवा. तीन हंगामांचे मिळून सामने ४६. त्यांत विजय १२, पराभव ३३, आणि एक सामना निकालावांचून राहिलेला. दर हंगामास नेमके चार विजय, हें प्रमाण एखाद्या वार्षिक नेमणुकीसारखें होतें. त्यांतहि २०१२ सालीं पहिल्या सातांपैकीं चार सामने जिंकून संघानें लोकांच्या आशा वाढविल्या आणि पुढील नऊच्या नऊ गमाविले. २३ एप्रिल २०१३ रोजीं बंगलोर येथें क्रिस गेल यानें ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. त्या दिवशींचा प्रतिपक्ष कोण, हें पुणेकरांस सांगावयास नको.

इतक्या पराभवांनंतर गाऱ्हाणीं निघालीं नसतीं तरच नवल. त्यांचा सारांश काढला तर तीन आरोप हातीं लागतात. पहिला असा कीं, अमाप पैसा मिळाल्यामुळें खेळाडूंनीं अंग चोरलें. दुसरा असा कीं, संघ परक्यांचा होता. त्यांत पुण्याचें असें कांहीं नव्हतें. आणि तिसरा असा कीं, चालकांस खेळ कळत नव्हता. या तिहींचा क्रमानें विचार करूं.

पहिला आरोप सर्वांत मोठ्यानें केला जातो आणि तोच सर्वांत लंगडा आहे. ज्या रॉबिन उथप्पाच्या नांवानें २०१३ सालीं पुण्यांत बोटें मोडलीं गेलीं, त्यानेंच पुढच्या वर्षीं कलकत्त्याकडून ६६० धावा काढून त्या स्पर्धेंतील सर्वाधिक धावांचा मान मिळविला. त्याच कलकत्त्याला २०१४ चा अंतिम सामना जिंकून देणाऱ्या ९४ धावा मनीष पांडे याच्या, आणि तोहि पुण्याच्याच संघांतून गेलेला. भुवनेश्वरकुमार हा पुण्याहून हैदराबादेस गेला आणि २०१६ व २०१७ अशीं दोन्ही वर्षें सर्वांत अधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. स्टीव्ह स्मिथचें नांव तर सर्वांस ठाऊकच आहे. पैसा तेथेंहि होता. मग पुण्यांत आळशी असलेले हात परगांवीं जातांच कामाला कसे लागले? ज्या शेतांत चार जातींचें बीं करपतें त्या शेतांत दोष बियाण्याचा नसतो, हें शेतकऱ्याच्या मुलास कळतें. क्रिकेटच्या प्रेक्षकास तें कळूं नये याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. अशोक दिंडा या गोलंदाजाचें नांव तर वाईट गोलंदाजीचा पर्याय म्हणून चेष्टेनें वापरलें जाऊं लागलें. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ४२० बळी घेणाऱ्या मनुष्याची ही संभावना! ही टीका नव्हे; ही टवाळी होय, आणि टवाळीनें कोणताहि संघ सुधारल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरा आरोप अधिक नाजूक आहे. पुणें हें क्रिकेटचें जुनें गांव. स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्रोफेसर दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. १९४०-४१ च्या हंगामांत, वयाची अठ्ठेचाळीशी गांठलेली असतां, देवधरांनीं मुंबईविरुद्ध पुण्यांत २४६ धावा काढल्या. १९४८ सालीं भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडविरुद्ध केलेल्या नाबाद ४४३ धावाहि याच शहरांतल्या. अशा गांवच्या लोकांस आपलीं माणसें मैदानावर पाहावीशीं वाटावीं हें स्वाभाविक आहे. आणि ज्या संघानें आपला पहिला हंगाम ‘घरचें मैदान’ म्हणून नव्या मुंबईंत काढला, तो पुण्याचा कसा, हा प्रश्नहि रास्त आहे. दुसऱ्या वर्षीं गहुंजे येथें मैदान झालें खरें. पण तें द्रुतगतिमार्गाच्या कडेला. विश्रांतवाडीच्या मनुष्यानें दिघी, भोसरी, निगडी करीत तेथें पोंचावें आणि मध्यरात्रीं पराभव घेऊन परत यावें, ही खऱ्या निष्ठेची परीक्षा होती.

परंतु या आरोपाची दुसरी बाजू प्रेक्षकांनीं ऐकली पाहिजे. २०१३ च्या ऑक्टोबरांत पुणे वॉरियर्सचा करार रद्द झाला आणि गांवांत सुतक धरलें गेलें. त्याच हिंवाळ्यांत महाराष्ट्राचा संघ, म्हणजे आपल्याच माणसांचा संघ, एकवीस वर्षांनीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. पुण्याच्या केदार जाधवनें त्या हंगामांत १,२२३ धावा काढल्या. देशांत त्याच्याहून अधिक कोणाच्याहि नव्हत्या. अंतिम सामन्यांत कर्नाटकानें महाराष्ट्राला हरविलें. या संघाविषयीं किती चौकांत वाद झाले? किती जणांनीं त्याच्या पराभवाबद्दल रात्रीचें जेवण टाकलें? ‘संघांत आपला माणूस नाहीं’ अशी ज्याची तक्रार, त्यानें आपल्या माणसांचा संघ खेळत असतां पाठ फिरवावी, यास आम्ही गाऱ्हाणें म्हणत नाहीं, सबब म्हणतों. स्थानिक अभिमान हा भाड्याच्या संघाकडे मागावयाचा आणि घरच्या संघास द्यावयाचा नाहीं, असा हा व्यवहार आहे.

तिसरा आरोप मात्र आम्हांस बहुतांशीं मान्य आहे. तीन वर्षांत पुण्यानें कर्णधार किती केले? युवराजसिंग, गांगुली, अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर, आरन फिंच. त्यांपैकीं शेवटचे तिघे एकाच हंगामांत. युवराज दुर्धर व्याधीनें २०१२ सालीं खेळूं शकला नाहीं, ही दैवगति. बाकीची गति चालकांची. त्याच काळांत चेन्नईच्या संघानें एकाच कर्णधारावर आणि बहुतेक त्याच खेळाडूंवर भरंवसा ठेवून काय मिळविलें, तें सर्वश्रुत आहे. स्थैर्य हें यशाचें फळ आहे असें चालक समजतात. तें यशाचें मूळ आहे हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. त्यांत मालक आणि नियामक मंडळ यांचा पैशाचा तंटा. हंगामांत ९४ सामने होतील या हिशेबानें बोली लाविली आणि सामने ७४ च झाले, तेव्हां रक्कम कमी करा, असें सहाराचें म्हणणें. २०१३ च्या मे महिन्यांत मंडळानें बँकेची हमी वटविली, मालकांनीं अंग काढून घेतलें, आणि खेळ संपला. या तंट्यांत कोण खरें कोण खोटें, हा प्रश्न बाजूस ठेवूं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या सर्व पत्रव्यवहारांत प्रेक्षक हा पक्षकारच नव्हता.

येथें आपण खऱ्या दुखण्याशीं येऊन पोंचतों. कोणी म्हणेल, संघ जिंकता तर टिकता. पण यास २०१७ सालानें उत्तर दिलें आहे. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली असतां बदली म्हणून जे दोन संघ उभे केले, त्यांपैकीं ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ हा एक. २०१६ सालीं महेंद्रसिंग धोनी कर्णधार असतां तो आठांत सातवा आला. त्याच उन्हाळ्यांत दुष्काळामुळें ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें दिला आणि, १ मेचा एक सामना सोडला तर, पुण्याचे राहिलेले सामने विशाखापट्टणास गेले. लातूरला आगगाडीनें पाणी जात होतें; त्यापुढें मैदानाच्या हिरवळीची मातब्बरी ती काय? सर्वच गाऱ्हाण्यांचें वजन सारखें नसतें, एवढा धडा त्यांतून घेण्यासारखा होता. पुढील वर्षीं धोनीस नेतृत्वावरून दूर करून स्मिथला नेमलें. बेन स्टोक्सला साडेचौदा कोटि रुपयांस आणलें. दहा लाखांत घेतलेल्या महाराष्ट्राच्या राहुल त्रिपाठीनें ३९१ धावा काढल्या. आणि २१ मे २०१७ रोजीं हैदराबादेस मुंबईविरुद्धचा अंतिम सामना पुण्यानें अवघ्या एका धावेनें गमाविला. मग काय झालें? दोन वर्षांची मुदत संपली आणि संघ विसर्जित झाला! हरणारा संघ गेला, आणि जिंकूं लागलेलाहि गेला. ज्या फुटबॉल संघानें पुणें शहराचें नांव आपल्या नांवांतच घेतलें होतें, तो एफसी पुणे सिटीहि २०१४ सालीं आला आणि २०१९ सालीं संपला.

म्हणून आम्ही म्हणतों, प्रेक्षकाचें खरें गाऱ्हाणें पराजयाचें नाहीं. पराजय मनुष्य सोसतो. अमेरिकेंत ब्रुकलिन येथील बेसबॉलचा डॉजर्स संघ अंतिम मालिका वारंवार हरत असे. त्याचे लोक त्याला प्रेमानें ‘भिकारडे’ म्हणत आणि पुढच्या वर्षाची वाट पाहत. १९५५ सालीं तो संघ जिंकला; आणि १९५७ चा हंगाम संपतांच मालकानें तो उचलून लॉस एंजेलिसला नेला. ब्रुकलिनच्या लोकांनीं पराभव विसरले. तें जाणें विसरले नाहींत.

कांहीं सज्जन असा उपदेश करितात कीं, खऱ्या भक्तानें कुरकुर करूं नये. हा उपदेश मराठी माणसास शोभत नाहीं. ज्या आळंदीच्या रस्त्यावर विश्रांतवाडी वसली आहे, त्याच रस्त्यानें दरवर्षीं माउलींची पालखी जाते. आणि तिच्याबरोबर चालणाऱ्यांच्या मुखांत ज्यांचे अभंग असतात, त्या नामदेवांनीं, जनाबाईंनीं आणि तुकोबांनीं विठ्ठलाशीं काय थोडें भांडण केलें? आपल्या भक्तींत रुसव्याला मानाचें स्थान आहे. पण त्या भांडणास अर्थ आहे तो देव विटेवरून हालत नाहीं म्हणून. जो देव दोन वर्षांच्या करारानें येतो आणि हमी वटली कीं जातो, त्याच्याशीं रुसणार कसें?

नाटकाचें उदाहरण घेऊं. गंधर्व नाटक मंडळीचे मालक आणि मुख्य नट एकच होते. बालगंधर्वांचें गाणें पडलें तर प्रेक्षकांची नाराजी थेट मालकाच्या कानीं पडे, कारण तो रंगभूमीवर उभा असे. आणि कर्ज डोक्यावर असतांहि तो पोशाखांत कसूर करीत नसे, कारण प्रेक्षकास तोंड त्यालाच द्यावयाचें असे. आजच्या संघांत खेळणारा एक, मालक दुसरा, नियामक तिसरा. प्रेक्षकास दिसतो तो पहिला; म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो, आणि उरलेले दोघे निर्वेधपणें हिशेब करीत बसतात. खेळाडूवरील आपली अन्यायी टीका ही चालकांची सर्वांत मोठी सोय आहे.

यावर उपाय अगदींच नाहीं असें नव्हे. अमेरिकेंतील ग्रीन बे नांवाच्या लहान शहरांतील फुटबॉल संघ १९२३ पासून तेथील भागधारकांच्या मालकीचा आहे. तो हरतो, जिंकतो, पण गांव सोडून जात नाहीं. इतकें आपल्याकडे लगेच होईल अशी आशा आम्ही धरीत नाहीं. परंतु प्रेक्षकांनीं मागणी करावयाची तर ती या दिशेची करावी: संघ गांवांत निदान किती वर्षें राहील याचें वचन, गांवच्या होतकरू मुलांस जागा, आणि कर्णधार-शिक्षकांस काम करण्यास पुरेसा काळ. या गोष्टींनीं काय साधतें हें पुणेरी पलटण या कबड्डीच्या संघानें दाखविलें आहे. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन हंगामांत त्याला उपांत्य फेरीहि दिसली नाहीं. संघ मात्र पुण्यांतच राहिला. त्यानें तरुण मुलें घडविलीं. २०२२ सालीं तो अंतिम सामना हरला, आणि १ मार्च २०२४ रोजीं नगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखालीं हरियाणाला २८-२५ असें हरवून विजेता झाला. ज्यांनीं दहा वर्षें त्याला शिव्या दिल्या त्यांसहि त्या विजयांत वांटा मिळाला, आणि तो त्यांच्या हक्काचा होता.

टीका करण्यापूर्वीं टीकाविषय जाग्यावर राहील अशी तजवीज लागते. पुणेकर प्रेक्षकाच्या जिभेस धार आहे. तिला आतां नेम हवा. फलंदाजाच्या चुकलेल्या फटक्यापेक्षां चालकाच्या कराराचा कागद त्यानें अधिक बारकाईनें वाचूं लागावें, म्हणजे त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेणें कोणालातरी भाग पडेल.