त्या पोराची म्हैस

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अथणी तालुक्यातल्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. संध्याकाळी मुलांचे मन रमावे म्हणून मी कुसुमाग्रजांची 'कणा' म्हणून दाखवली. ऐकणाऱ्यांत निम्मे कानडी बोलणारे. तरी कविता पोहोचली. नंतर एका आजीने विचारले, "गुरुजी, त्या पोराची म्हस कुटं गेली?"

मला उत्तर देता आले नाही. कवितेत म्हैस नाही, आणि ती असायला हवी होती असेही नाही. पुराने घर मोडलेला विद्यार्थी सरांकडे येतो, पैसे नाकारतो आणि फक्त धीर मागतो. तो एक क्षण कवीने नेमका पकडला आहे. दोष आपला आहे. भाषणांत आणि मदतफेऱ्यांत ती म्हणून म्हणून आपण धैर्यालाच पूरनिवारण समजू लागलो.

त्या रात्री व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आठवली. तिथे दुष्काळ आहे, पण धैर्याचे गोडवे नाहीत. ज्या धनगरांनी एकजुटीने तालीम उभी केली, तेच मेंढरे जगेनात तेव्हा वाडी सोडतात. तालीम मागे राहते. एकजुटीने भिंती उभ्या राहतात, चारा उगवत नाही, हे माडगूळकर आवाज न चढवता सांगतात. जनावर मेले की घर मोडते, हे या कादंबरीला ठाऊक आहे.

तरी एक उणीव जाणवते. मास्तरची नजर वाडीपुरती आहे. जगायला बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले, ते कळत नाही.

आपल्या भागात तर दोन्ही संकटे एकाच वर्षात आली. २०१९ च्या उन्हाळ्यात इथे कृष्णेचे पात्र कोरडे पडले, आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाने महाराष्ट्राकडे मागणी केली. ऑगस्टमध्ये तीच कृष्णा घरांत शिरली. मे महिन्यात पाण्याची वाट पाहणारी माणसेच शाळेत आसऱ्याला आली. धरणाचे दरवाजे, दोन राज्यांचा पत्रव्यवहार, पंचनामा, चिखलाने भरलेला गोठा, हा ऐवज मोठ्या कादंबरीचा आहे. तो दोन्ही भाषा कानावर असलेल्या आपल्याकडच्या माणसालाच नीट लिहिता येईल. त्याने सुरुवात कुठूनही करावी. आजीच्या प्रश्नाला मात्र बगल देऊ नये.