दोरीच्या आत की बाहेर? त्रिनिदादचा कार्निव्हल आणि एक कादंबरी

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण बरेच जण एक वाक्य हमखास टाकतो : ‘उत्सवाच्या काळात तिथे राहून निरीक्षण करीन.’ वाक्य ठीक आहे. पण किती दिवस राहणार, कुठे उभे राहणार आणि तिथून काय दिसणारच नाही, हे त्यात येत नाही. हा घोळ समजून घ्यायला मला एका कादंबरीचा फार उपयोग झाला. अर्ल लव्हलेस यांची ‘द ड्रॅगन कान्ट डान्स’ (१९७९).

आधी पाहुण्याचा कार्निव्हल बघू. समजा, तुम्ही पोर्ट ऑफ स्पेनला पोचलात. राखेच्या बुधवाराआधीच्या सोमवारी, उजाडायच्या आत ‘जूव्हे’ सुरू होतं. अंगाला चिखल, रंग, तेल फासलेली माणसं रस्त्यावर उतरतात. मंगळवारी पिसांचे, मण्यांचे झगमगीत पोशाख. याला तिथे ‘मास खेळणं’ म्हणतात. आपल्या ‘सोंग घेणं’च्या जवळचं. पाहुण्यालाही पैसे भरून एखाद्या बँडचा पोशाख मिळतो. मग तुम्ही त्या बँडभोवती धरलेल्या दोरीच्या आत नाचता. ज्यांनी पैसे भरले नाहीत, ते दोरीबाहेर. रात्री तुम्ही वहीत लिहिता, ‘इथे सगळे भेद गळून पडतात’, आणि जोडीला बाख्तिनचा हवाला देता. पण ती दोरी वहीत आली का?

लव्हलेस वाचकाला दोरीजवळ नेतच नाही, कॅल्व्हरी हिल नावाच्या गरीब वस्तीत नेतो. तिथला ऑल्ड्रिक दरवर्षी ड्रॅगनचं सोंग घेतो आणि त्याआधी महिनोन्‌महिने खोलीत बसून एकेक खवला शिवतो. प्रत्येक खवल्यात त्याच्या आयुष्यातलं काहीतरी असतं. शेजारी बसून एक मुलगा हे काम बघत असतो. पाहुण्याला मंगळवारी तयार ड्रॅगन दिसतो, शिवणारे हात दिसत नाहीत. माझ्या मते कादंबरीतली ही पानं सर्वात मोलाची आहेत, कारण उत्सवाला दोन दिवसांचा ‘प्रसंग’ न मानता वर्षभराचं काम म्हणून बघायला ती शिकवतात.

ड्रॅगन कुणाला घाबरवायला निघतो, हेही समजून घ्या. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसांनी कार्निव्हलचा रस्ता आपलासा केला. १८८१मध्ये त्यासाठी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ते पोलिसांशी भिडले. ऑल्ड्रिकच्या सोंगात तो राग शिल्लक आहे. पण आता स्टीलबँडला कंपन्यांचे प्रायोजक मिळू लागलेत, आणि राग जाऊन नुसती शोभा राहील अशी वेळ आली आहे. फिशआय हा दांडगट वादक म्हणूनच चिडतो.

आता आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचं पात्र : परियाग. हा भारतीय वंशाचा तरुण गावाकडून येऊन याच वस्तीत राहतो. त्याच्या प्रकरणाचं नावच ‘प्रेक्षक’ आहे. तो नवी सायकल घेतो, ती मोडली जाते. त्या तोडफोडीनंतर कुठे शेजाऱ्यांचं त्याच्याकडे नीट लक्ष जातं. म्हणजे पाहुणा होण्यासाठी विमानानेच यावं लागतं असं नाही. त्याच अंगणात राहूनही माणूस बाहेरचा राहतो. भारतातून जाणाऱ्या संशोधकाला इथे ‘आपला माणूस’ सापडल्याचा आनंद होतो. जरा थांबा. १८४५पासून तिथे गेलेले मजूर मुख्यतः भोजपुरी-अवधी पट्ट्यातले, काही मद्रासकडचे. परियागचं दुःख त्रिनिदादमधलं आहे. ते आपल्या खात्यावर जमा करू नका.

कादंबरीत उणं काय? दोन गोष्टी खटकतात. एक, शेवटाकडे पात्रं जगण्यापेक्षा बोलतातच जास्त. ऑल्ड्रिकच्या तोंडून लेखकच निबंध वाचतोय असं वाटतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सिल्व्हियाकडे पोशाखासाठी पैसे नाहीत आणि भाडं वसूल करणारा गाय तो घेऊन द्यायला तयार आहे. पोशाखाची किंमत कोण, कशाने चुकवतं, हा केवढा मोठा प्रश्न! पण तो बहुतेक वेळा पुरुषांच्या नजरेतूनच पुढे सरकतो. आज मास खेळणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे ही कादंबरी आजच्या कार्निव्हलचा पुरावा म्हणून प्रबंधात चिकटवली, तर परीक्षक पकडणारच. ती प्रश्न तयार करायला वापरा. उत्तरं फील्डवरच शोधावी लागतील.

मग करायचं काय? शक्य असेल तर कार्निव्हलच्या कितीतरी आधी जा आणि पोशाख बनतात त्या मास कॅम्पमध्ये बसा. राखेच्या बुधवारी लगेच परतीचं विमान पकडू नका. रस्ता रिकामा झाल्यावर कोण काय आवरतं ते बघा. पैसे भरून दोरीच्या आत गेलात तरी हरकत नाही, पण ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा : किती भरले, आत कोण होतं, दोरी कोणी धरली होती. आणि निघण्याआधी एक सराव. प्रस्तावातलं ते ‘तिथे राहून निरीक्षण करीन’ काढा. त्या जागी तीन वाक्यं लिहा : मी कुठे उभा किंवा उभी असेन, तिथे मला कोण येऊ देईल, आणि तिथून मला काय दिसणार नाही. तिसरं वाक्य अडलं, तर परियागचं प्रकरण पुन्हा वाचा.