वकिलाचा युक्तिवाद व न्यायमूर्तींचें मत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत नवा न्यायमूर्ति नेमावयाचा झाला, कीं सिनेटचे सभासद व वृत्तपत्रकार त्याचे जुने लेख आणि टिपणें उकरून काढतात; अध्यक्षाच्या सत्तेविषयीं हा गृहस्थ पुढें काय म्हणेल, याचें भाकीत त्यांवरून करावयाचें असतें. ही पत्रिका पाहण्याची विद्या कितपत भरंवशाची, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचें १९५२ सालचें निकालपत्र अवश्य वाचावें.

जॅक्सन हे रूझवेल्ट यांचे ॲटर्नी-जनरल. १९४१ सालीं संपामुळें बंद पडलेला कॅलिफोर्नियांतील एक विमानांचा कारखाना अध्यक्षांनीं लष्कराकरवीं ताब्यांत घेतला, आणि त्या कृत्याचें समर्थन जॅक्सन यांनींच केलें. त्याच वर्षीं ते न्यायमूर्ति झाले. पुढें कोरियन युद्धांत ट्रूमन यांनीं पोलादाचे कारखाने ताब्यांत घेतले, तेव्हां सरकारपक्षानें जॅक्सन यांचेच जुने शब्द त्यांच्यापुढें ठेवले. दोन्ही प्रसंगांतील भेद त्यांनीं दाखविलाच. परंतु वकील म्हणून केलेला युक्तिवाद न्यायाधीश म्हणून आपणांस बांधीत नाहीं, असेंही त्यांनीं स्वच्छ सांगितलें.

आम्हांस या निकालपत्राची खरी गोडी वाटते ती मात्र पुढेंच. अध्यक्षाची सत्ता ठराविक मापाची नसते, काँग्रेसच्या इच्छेनुसार ती वाढते वा घटते, असें ते मांडतात. काँग्रेसची संमति असेल तर ती सर्वांत बळकट; काँग्रेसनें मौन धरलें असेल तर सारा संधिप्रकाश; आणि तिच्या इच्छेविरुद्ध चालावयाचें तर ती अगदीं क्षीण. कारखाने असे ताब्यांत घेण्याचा अधिकार देण्याचें काँग्रेसनें १९४७ सालीं नाकारलें होतें. ट्रूमन तिसऱ्या वर्गांत पडले. अध्यक्षांच्या दालनांत वावरलेल्या माणसासच तेथील मोह असा ओळखतां यावयाचा. (ट्रूमन यांनीं स्वतः नेमलेले न्या. क्लार्क, तेही पूर्वींचे ॲटर्नी-जनरल, त्यांच्या विरुद्धच गेले!)

मग जुने लेख निरुपयोगीच काय? तसें म्हणणें धाडसाचें होईल. पदावर असेपर्यंत अध्यक्षास दिवाणी दावे व फौजदारी चौकशी यांतून काँग्रेसनें सूट द्यावी, असें कॅव्हानॉ यांनीं २००९ सालीं लिहिलें होतें. २०१८ सालीं ते न्यायमूर्ति झाले. २०२० सालीं ट्रम्प यांचा सरसकट संरक्षणाचा दावा त्यांनीं मानला नाहीं. २०२४ सालीं मात्र अध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांस फौजदारी खटल्यांतून संरक्षण देणाऱ्या बहुमतांत ते होते. भाकीत करणाऱ्या दोन्ही पक्षांस आपापलें प्रमाण सांपडलें!

आमच्या मतें उमेदवारास एकच गोष्ट विचारावी: काँग्रेस गप्प असतां त्या मौनाचा अर्थ आपण कसा लावाल? सरळ उत्तर मिळणार नाहीं, हें आम्ही जाणतों. १९४१ सालीं जॅक्सन यांस हें विचारलें असतें, तर त्यांनीं तरी काय सांगितलें असतें कोण जाणे.