निवड, वारसा आणि फळमाशी

प्राण्याचे वर्तन कितपत आनुवंशिक असते, या जुन्या प्रश्नाची प्रायोगिक चिकित्सा पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील सुदीप्त तुंग, अभिषेक मिश्रा, सुतीर्थ डे प्रभृतींनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांत केली आहे. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या माशीचे सुमारे २४०० संख्येचे चार समूह घेऊन, त्यांतील दूर जाणाऱ्या माश्यांपासूनच पुढील पिढी वाढविण्यात आली. ३३ पिढ्यांच्या निवडीनंतर, स्थलांतराचे तात्कालिक कारण नसतानाही, निवडलेले समूह तुलनेसाठी राखलेल्या समूहांपेक्षा अधिक संख्येने व अधिक दूर गेले.

या प्रयोगाचे बळ त्याच्या तुलनेत आहे. एकाच समूहातील बदल यदृच्छेचा मानता आला असता. चार समूह घेतल्याने त्या शंकेस फारसा आधार उरत नाही. तथापि येथे ‘भटकेपणाचे जनुक’ सापडले असे समजणे चुकीचे होईल. स्थलांतराबरोबर हालचाल, शोधवृत्ती आणि आक्रमकताही वाढली; निवड एका गुणाची केली तरी त्याच्याशी निगडित गुणही बदलले.

देहाचा आकार, प्रजननक्षमता व आयुर्मान यांत मात्र फरक आढळला नाही. यावरून स्थलांतराला मोल द्यावे लागत नाही, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. प्रयोगशाळेत अन्न आयते मिळते. तेथे न दिसलेली हानी उघड्या रानात दिसू शकेल.

पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या राहाता तालुक्यातील कोल्हारसारख्या गावी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. पेरूत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस ही ड्रॉसोफिलाहून भिन्न कुळातली आहे. मराठीत दोहोंना ‘फळमाशी’ म्हटल्याने एकीचे निष्कर्ष दुसरीवर लादण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. निवडीचे तत्त्व मात्र दोहोंस समान आहे. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात आमिषास भुलणारे नर मरतात आणि न भुलणारे प्रजननास उरतात. अशी निवड प्रयोगशाळेत केल्यास नरांची आमिषाकडील ओढ कमी होते, हे टॉड शेली यांनी १९९७ साली बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसवरच दाखविले आहे.

बागेतही तसेच घडते काय, हे ठरविण्यासाठी सापळे नसलेल्या बागांतील नरांशी तुलना आवश्यक आहे. पुण्याच्या निबंधांतून आपल्या विद्यार्थ्यांनी उचलावयाची ती तुलनेची ही शिस्त होय.