मुळा-मुठेतील ऑक्सिजन आणि संवेदकाचे साहित्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पुण्यातील मुळा-मुठा नद्यांच्या पाण्यावर महाविद्यालयीन पातळीवर सातत्याने प्रकल्प होत असतात. त्यांत विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा निर्णायक मानला जातो. मात्र तो कोणत्या संवेदकाने व कोणत्या वायुदाबावर मिळाला, याची नोंद पुष्कळदा आढळत नाही. ही उणीव तपशिलाची नसून निष्कर्षाच्या विश्वसनीयतेची आहे, हे प्रस्तुत टिपणात मांडावयाचे आहे.

साहित्याची मर्यादा :
लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संवेदकात प्लॅटिनमचा ऋणाग्र आणि चांदीचा विद्युदग्र प्लास्टिकच्या पातळ पटलामागे असतात. पटलातून आलेल्या ऑक्सिजनचे ऋणाग्रावर क्षपण होते व त्या प्रमाणात विद्युतप्रवाह मिळतो. पटल क्षारांना अडवते, वायूंना नाही. त्यामुळे सांडपाणी कुजताना निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड आत शिरून चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवतो. शिवाय संवेदक स्वतःच ऑक्सिजन खर्च करीत असल्याने संथ पाण्यात वाचन कमी येते. शिशाचा धनाग्र असलेल्या गॅल्व्हानिक संवेदकाला बाह्य विद्युतदाब लागत नाही. परंतु त्याचे शिसे झिजत जाते. अर्थात, मोजमापाची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच हे साहित्य दुबळे ठरते.

उंचीचा प्रश्न :
२५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर शुद्ध पाण्यातील संपृक्त ऑक्सिजन सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो ७.७ च्या आसपास राहतो. समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरून कॅलिब्रेशन केल्यास प्रत्येक वाचन सुमारे सात टक्क्यांनी फुगते. म्हणजे प्रत्यक्षातील ४.७ हा आकडा ५.० दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात नदीस्नानासाठी किमान ५ मिलिग्रॅमची अट आहे. अशा प्रकारे अपात्र पाणी कागदावर पात्र ठरू शकते.

निष्कर्ष :
प्रकाशीय संवेदक ऑक्सिजन खर्च करीत नाहीत, हे खरे. परंतु त्यांनाही दाबाची दुरुस्ती चुकत नाही. म्हणून विद्युदग्रांचे साहित्य, पटलाची स्थिती, तापमान व स्थानिक वायुदाब यांची नोंद प्रत्येक शोधनिबंधात अनिवार्य असावी. काही नमुने १८८८ च्या विंकलर पद्धतीने पडताळावेत; सांडपाण्यातील नायट्राइटचा अडथळा टाळण्यासाठी तिचे अझाइड रूप वापरावे. या नोंदींवाचून दिलेला आकडा नदीविषयी जितके सांगतो, तितकेच आपल्या निष्काळजीपणाविषयीही सांगतो.